बुजवलेला कोपरा

१

चोर आला म्हणजे काहीतरी घेऊन जातो. चिंचाळीच्या शेषेरावाच्या परसात त्या पहाटे जो कोणी आला, तो मात्र टाकून गेला होता, आणि टाकली होती ती नुसती माती.

आदल्या दिवशी केरबा गवंड्यानं नव्या खोलीच्या पायाचा चर खोदला होता, चारी बाजूंनी, गुडघाभर. दुष्काळाचं सलग दुसरं साल. जमीन तापून दगड झालेली. केरबाच्या तळहाताची सालटी निघाली तेव्हा कुठे चर दिसायला लागला. सकाळी सगळं घर टँकरवरून पाणी घेऊन परतलं, तर चराचा पूर्वेकडचा एक कोपरा बुजलेला! बाकीचे तीन कोपरे जसेच्या तसे. कुदळ, फावडं, घमेलं, सगळं भिंतीशी ठेवलं होतं तिथंच.

"ही भुताटकी हाय मालक," केरबा म्हणाला, आणि कुदळीला हात लावायचं नाव काढीना.

भुताटकीची तक्रार कोणत्या कचेरीत द्यावी हे शेषेरावाला ठाऊक नव्हतं. बांधकामाच्या परवानगीवर ज्याची सही लागते तो माणूस तेवढा ठाऊक होता. त्यानं सायकल काढली आणि तालुक्याला ओव्हरसीअर भुजंग सोनकांबळे याच्या दारात जाऊन उभा राहिला.

भुजंग वयानं लहान आणि नोकरीत त्याहून नवा. लातूर जिल्हा वेगळा होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. नव्या जिल्ह्याला नवी माणसं लागली, त्यात याचाही नंबर लागला. घरातला पहिला सरकारी नोकर. त्यामुळे गडी कागदाआधी जमीन बघायचा आणि स्वतःच्या पायांनी जागेवर फिरल्याशिवाय सही करायचा नाही. लोक त्याला वैतागत. पण त्याच्यापुढे खोटं बोलायला कचरत.

ही खोली कुणासाठी, हे सगळ्या गावाला माहीत होतं. शेषेरावाची लेक शिवकन्या दहावी झालेली, नवऱ्यानं टाकलेली. नव्या जिल्ह्यातून गावोगाव बालवाड्या निघत होत्या आणि चिंचाळीची बालवाडी तिच्या नावावर मंजूर झाली होती. अट एकच, पावसाळ्याआधी खोली उभी पाहिजे. नाहीतर बालवाडी देवणीकडच्या दुसऱ्या गावाला जाणार. म्हणजे त्या चार भिंतींत शिवकन्येचं पोट होतं, मान होता आणि बापाची झोपही होती.

पहिल्या नकाशात खोली रस्त्याकडे होती. पण रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून भुजंगनंच लाल पेन्सिलीनं ती उचलून मागे, शेजारच्या शरणम्माच्या कुडाशी नेऊन बसवली होती. आपल्याच पेन्सिलीच्या रेघेवर कोणीतरी माती टाकली, याची त्याला गंमतही वाटली आणि रागही आला.

चिंचाळीला येऊन तो बुजलेल्या कोपऱ्याशी उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला.

"शेषेरावजी, तुम्ही चर बुजवायचा म्हणलं तर काय कराल?"

"माती लोटायची आन पायानं दाबायची. दुसरं काय?"

"मग बघा हिकडं. ह्या मातीवर एक पाऊल उमटलेलं नाही. टोपलीनं लांबून फेकलीय. येणारा माणूस कोपऱ्याच्या जवळसुद्धा आलेला नाही."

२

केरबाला बोलतं करायला एक विडी पुरली.

"साहेब, म्या कालच म्हणलं व्हतं, ह्यो कोपरा इचित्र हाय. जमीन मऊ व्हावी म्हून भांडी घासल्यालं पाणी ओतलं. तीन कोपऱ्यांत डबकं साचलं. हितं घागर उपडी केली तर घटाघटा पिऊन टाकलं. थेंब दिसला न्हाई."

"एवढी कोरडी जमीन आहे. पिणारच की."

"आवो, जमीन पिती ती हळूहळू. ह्ये कोणीतरी खालून तोंड लावल्यावानी झालं. माझ्या अंगावर काटा आला, पर सांगावं कुणाला? लोक हसत्यात."

शेषेरावाला भूतबित काही पटत नव्हतं. त्याचं बोट सरळ एका माणसाकडे होतं, श्रीमंत नावाच्या त्याच्या धाकट्या भावाकडे. वेगळा राहायचा, पुढच्या अंगाला. परसात आपलाही हिस्सा आहे, असं म्हणत त्यानं परवानगीविरुद्ध तक्रार दिली होती. भुजंग गेला तेव्हा तो बाजेवर बसून विळ्याला धार लावत होता आणि आवाजालाही.

"हाव, तक्रार म्या दिली. तोंडावर सांगून दिली. पर माती टाकायला मी काय येडा हाय? मला काम बंदच पाडायचं असतं तर कुदळ-फावडं इहिरीत नसतं का टाकलं? एक कोपरा बुजवून माझ्या बापाचं काय भलं व्हतंय?"

बोलणं उद्धट होतं, पण खरं होतं. वैर काढणारा चारी कोपरे बुजवतो. भुजंगनं ते मनाशी नोंदवलं.

"पहाटे तुम्ही कुठं होता?"

"टँकरच्या रांगेत. सगळं गावच तितं असतंय. परसात काळं कुत्रं ऱ्हात न्हाई त्या वक्ताला."

"सगळं गाव? नक्की?"

"घागरी बगा की! माझी घागर, तिच्या म्होरं शरणम्माची तांब्याची, तिच्या म्होरं दादाची. रोज त्याच नंबरात."

भुजंग हसला. दुष्काळाच्या गावात रांग माणसांची नसतेच. घागर ठेवली की नंबर लागतो, मग माणूस बाभळीखाली जाऊन पडलं काय आणि घरी जाऊन आलं काय, कोणी विचारत नाही. आणि घागर हलवायची कुणाची छाती होत नाही.

"मी घागरीचं नाही विचारलं. त्या कोपऱ्याला लागून कूड शरणम्माचा आहे. टँकर यायच्या आधी त्यांना तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?"

श्रीमंतानं विळा खाली ठेवला.

३

शरणम्मा म्हणजे गुरुपादप्पाची बायको. आणि गुरुपादप्पा म्हणजे कोण, हे भुजंगला कोणी सांगायची गरज नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आलेल्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांसाठी चिंचाळीत चूल पेटत होती. सरकारी सुकडीचा पत्ता नसायचा तेव्हाही ती विझली नाही. चुलीमागे उभे असायचे सरपंच गुरुपादप्पा. बौद्धवाड्याच्या लोकांची पंगत वेगळी बसायची, हे भुजंग विसरला नव्हता. पण कढई एकच होती आणि वाढणारा हातही एकच, हेही विसरला नव्हता. त्याच्या आईनं खडी फोडून जगवलं आणि या चुलीनं तारलं. पुढच्या साली गुरुपादप्पा गेले. ग्रामपंचायतीत त्यांचा फोटो लागला.

त्या माणसाच्या दारात संशय घेऊन जायचं भुजंगच्या जिवावर आलं होतं.

शरणम्मानं पितळी पेल्यात चहा दिला. साठीची बाई, हाडं मोठी, डोळे रडून रडून आटल्यासारखे.

"पी तम्मा. दूध गाईचं हाय. आटली बिचारी, पर चहापुरतं देती."

"तुमच्या मालकांच्या हातचं खाल्लंय मी अव्वा. लहान होतो. त्या कण्यांना एक उग्र, आंबूस वास यायचा. मी नाक मुरडलं की आई पाठीत धपाटा घालायची. म्हणायची, त्या माणसाच्या नावानं गिळ."

त्याला वाटलं होतं, बाई हसेल. ती चटकन उठून आत गेली आणि उगाचच भांडी हलवत राहिली.

"खोली रस्त्याकडंच बरी व्हती," ती आतूनच म्हणाली. "शेजारीण म्हणून म्या सही केली ती तवा केली. तूच हिकडं ढकललास."

"मग हरकत घ्यायची होती."

"शिवकन्येच्या वाटंत मी येऊ? नागडी व्हती तवापास्नं माझ्या मांडीवर खेळलीय ती."

भुजंग अंगणात आला. गाय एका टोकाला लिंबाच्या सावलीत बांधलेली. आणि तिची दगडी डोणी दुसऱ्या टोकाला, शेषेरावाच्या कुडाला लागून, भर उन्हात. आत पालापाचोळा साठलेला. गाईनं पाणी प्यायचं म्हटलं तर दावं तोडूनच जावं लागलं असतं. सहजासहजी हलणार नाही अशी डोणी कोणी अशा जागी का ठेवावी?

तो कुडाला वळसा घालून शेषेरावाच्या परसात गेला. केरबाची पहार घेतली, पोटावर आडवा झाला आणि लांबूनच ती कोपऱ्यापाशी आपटली.

जमिनीतून आवाज आला, रिकाम्या रांजणातून यावा तसा.

४

"अव्वा, बसा," भुजंग परत येऊन म्हणाला. "पहाटे कोण आलं होतं, ते मला कळलंय."

शरणम्मा उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला.

"जो आला त्याचं शेषेरावशी वैर नव्हतं. वैर असतं तर सगळाच चर बुजला असता. त्याला एवढाच कोपरा नको होता. आणि माती लांबून फेकली, कारण त्या जागेवर पाय टाकायची भीती वाटत होती. भुताला भिणारा माणूस तिथवर येतच नाही. ही भीती जमिनीची होती. घागरभर पाणी खाली गडप झालं, कारण खाली पोकळी आहे. ती तुमच्या कुडाखालून तिकडे गेलीय. डोणी गाईसाठी नाही, पोकळीच्या तोंडावरचं झाकण आहे ते. खोली रस्त्याकडे होती तोवर तुम्ही सुखानं सही दिलीत. मी ती इकडे आणली आणि तुमची झोप गेली. रांगेत घागर ठेवून तुम्ही घरी परत आलात." तो थांबला. "खाली पेव आहे, अव्वा."

पेव म्हणजे धान्य साठवायचं तळघर, गाडग्यासारखं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. गुरुपादप्पाच्या आजोबाचं पेव रझाकारांच्या वेळीच बुजवलं, असं गाव समजत होतं. मधला कूड तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी उभा राहिला. तोंड एका परसात आणि पोट दुसऱ्यात, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

"केरबा अजून हातभर खोदता तर आत गेला असता," शरणम्मा म्हणाली. "आन खोली झाली असती तर लेकरं बसली असती त्याच्यावर. मला घास गिळंना तम्मा. वाटलं, कोपरा बुजला की भ्यात्याल, खोली दुसरीकडं घेत्याल."

"मग सरळ सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? पेव भरल्यालं हाय."

भुजंगला क्षणभर कळलंच नाही.

"दुष्काळाच्या आदल्या सालची ज्वारी. सरकारला घालायची लेव्ही चुकवून ठिवली व्हती. मंग पाऊस न्हाई आला. लोक दारात यायला लागले तवा हे म्हणले, पेव फोडू. मी आडवी पडले. लेक पहिलटकरीण, आन म्होरच्या साली बी पाऊस न्हाई आला तर? म्हणलं, पेवाला हात लावला तर मी लेकीकडं भालकीला जाते ती परत येत न्हाई. 'बरं' म्हणले. येवढंच. मंग म्होरच्या साली गेलेच ते." ती आता उघड रडत होती. "आता पेव निघालं की गाव काय म्हणंल? फोटोला हार घालून राहिलो, आन हा मानूस पेव भरून बसला व्हता! दोष मपला, तम्मा. नाव त्यांचं जाईल."

भुजंगचं डोकं तापलं. अकरा वर्षांपूर्वीची भूक पोटात उठून बसली. आई पाणी पिऊन झोपायची त्या रात्री त्याला आठवल्या, आणि इथं जमिनीखाली पोत्यांनी ज्वारी! त्याला त्या बाईचा राग आला, आणि ती समोर एवढीशी होऊन बसली होती म्हणून स्वतःच्या रागाची लाजही वाटली.

मग त्याला तो वास आठवला.

मोंढ्याच्या बाजारातून आणलेल्या ज्वारीला असा वास येत नाही. जमिनीखाली कोंडून राहिलेल्या ज्वारीलाच येतो. पुढे कितीदा त्यानं तो घेतला होता, पण त्या कण्यांशी जोड कधी लावली नव्हती.

"त्या उन्हाळ्यात तुम्ही इथंच होता?"

"न्हाई. लेकीच्या बाळंतपणाला भालकीला. पाऊस पडल्यावर आले."

"चुलीवरची ज्वारी कुठून यायची?"

"उदगीरच्या मोंढ्यातनं आणतो म्हणायचे. सिद्धराम सालगडी गाडी घेऊन जायचा. त्यो बी हैदराबादला गेला आन तितंच वारला. कामून?"

भुजंगला खात्री नव्हती. आपला अंदाज चुकला तर एका भल्या माणसाचं नाव आपल्याच हातानं पुसलं जाणार होतं. असल्या गोष्टीत अर्धवट आशा देणं त्याला जमेना.

"अव्वा, पेव उघडावं लागेल. न उघडता भरून घेता येत नाही, आणि न भरता खोलीला परवानगी देता येत नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर मी खोलीच नामंजूर करतो. कारण लिहिणार नाही. शिवकन्येची बालवाडी जाईल, पण तुमचं कुणाला कळणार नाही."

शरणम्मा कुडाकडे बघत राहिली. पलीकडे शिवकन्या कुठलंसं गाणं गुणगुणत कपडे वाळत घालत होती.

"लेकरांच्या म्होरं मेलेल्याच्या नावाचं काय करू?" ती म्हणाली. "उघड."

५

दुसऱ्या दिवशी शरणम्मानं आधी पेवातल्या ज्वारीचं स्वतःच सांगितलं. मग शेषेराव, श्रीमंत, केरबा आणि आणखी दोघांनी मिळून डोणी बाजूला लोटली. खाली शहाबादी फरशी निघाली, चिखलानं लिंपलेली. ती उचलल्यावर आतली कोंडलेली हवा वर आली आणि सगळे मागे सरले. पेवात लगेच उतरलेला माणूस परत येत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. दुपारपर्यंत तोंड उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. कंदील विझला नाही.

कंबरेला दोर बांधून केरबा उतरला. शरणम्मा पाठ करून उभी होती. शिवकन्येनं तिचा दंड धरला होता.

"केरबा, काय हाय रे?" शेषेराव ओरडला.

"काय न्हाई!"

"ज्वारी सडलीय का?"

"आवो, सडायला असायला पायजे की! रिकामं हाय मालक. तळाला कडबा हाय येवढाच. कोपरा न् कोपरा झाडून घेतल्यावानी हाय!"

शरणम्मा वळली. पेवाच्या तोंडाशी येऊन गुडघ्यांवर बसली आणि आत वाकून बघायला लागली. कंदिलाच्या उजेडात खालची गोल भिंत स्वच्छ दिसत होती.

"दाणे मी खाल्लेत अव्वा," भुजंग म्हणाला. "मोंढ्यातली नव्हतीच ती ज्वारी. तुम्ही भालकीला गेलात आणि त्यांनी पेव फोडलं. सिद्धराम गाडी जुंपून गावाला फेरी मारून यायचा, म्हणजे लोकांना वाटावं उदगीरहून आली. सगळी संपल्यावर फरशी लिंपली आणि डोणी होती तशी ठेवली. तुम्हाला कळू नये म्हणून."

श्रीमंतानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. नंतर जाताना तो भुजंगला म्हणाला, की त्याची तक्रार फाडून टाकली तरी चालेल. पण ते त्यानं भावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, इतकंच.

पेव दगड-मुरमानं ठासून भरायचं, पाया घराकडे सरकवायचा आणि खोली थोडी अरुंद करायची, असं भुजंगनं तिथंच नकाशावर आखून सही केली. केरबानं कुदळ उचलली. शेषेराव रडत होता की घाम पुसत होता, ते त्यालाच ठाऊक. माणसं कामाला लागली.

शरणम्मा अजून तिथंच बसून होती. भुजंगला वाटलं, बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला असेल. तो जवळ गेला.

"आता नाव राहिलं अव्वा. उलट वाढलं."

"नाव ऱ्हायलं," ती म्हणाली. "अकरा सालं मी समजून राहिले की माझ्यापायी ते चोर झाले तम्मा, आन त्येंनी जाताना बी सांगितलं न्हाई. मला भ्याले." तिनं वर बघितलं. "मी भांडले असते. रडले असते, एक दिस जेवले नसते. पर लोकांची लेकरं दारात बघून दुसऱ्या दिशी मीच पेवात उतरले असते की रे. इतका संसार केला, आन येवढी बी वळखली न्हाई का त्येंनी मला?"

भुजंग तिच्याशेजारी मातीत बसला.